पंचशीलाबाईंची खिडकी

माउली पंचशीलाबाईंना पहिल्यांदा भेटला तो सगळाच्या सगळा एकदम नव्हे. तो थोडाथोडा भेटत गेला.

आधी पाच बोटं आली, वसईच्या केळ्यांना लाजवतील अशी. मग मनगट आलं. आणि त्या मनगटामागून हात यायला लागला तो येतच राहिला. लॅबच्या खिडकीतून रोज साठ-सत्तर हात आत येत. दंडापर्यंत आले की थांबत, ही हातांची जुनी रीत. या हाताला रीत ठाऊक नव्हती. तो टेबल ओलांडून गेला, नळ्यांचा स्टँड ओलांडून गेला, समोरच्या भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरला जाऊन टेकला आणि तिथं सतरा तारखेवर विसावला. तरी खांद्याचा पत्ता नव्हता. रबरी पट्टी दंडाला पुरेना म्हणून बाईंनी दोन पट्ट्यांची गाठ मारली. शीर शोधायला लागली नाही. ती पाटासारखी वाहत होती. सुई टोचली तेव्हा दुखलं असेलच तर सुईला.

एवढ्या हाताचा मालक केवढा असेल, या कुतूहलानं बाईंनी वाकून खिडकीतून वर पाहिलं. शर्टाची तिसरी गुंडी दिसली. तिच्या वरचा माणूस चौकटीत मावत नव्हता.

"नाव काय, अण्णा?"

"माउली गुंडाप्पा. मुडबी."

"काय होतंय?"

उत्तर तिसऱ्या गुंडीच्या मागून आलं, एका बाईच्या आवाजात. "छातीत दुखायलंय त्याच्या, अक्का. मांड्या तर दगड झाल्यात. सकाळी परसाकडला बसला ते उठाया येईना. तिघांनी उचलला."

"माय, ते कामून सांगायलीस?" गुंडी म्हणाली.

"मंग काय सांगू? नाचत आला म्हणून?"

या बाणूबाई, माउलीची आई. बरोबर वडील गुंडाप्पाही होते, पण ते बोलण्याच्या कामात कधी पडत नसत.

पंचशीलाबाईंनी नळीवर नाव लिहिलं आणि चिठ्ठी बघितली. डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या मागवल्या होत्या. चिठ्ठीच्या खालच्या बाजूला 'थोडक्यात हकीकत' नावाचा चार ओळींचा रकाना होता. तो कोरा होता. त्यात नवल नव्हतं. अठरा वर्षांत बाईंनी तीन लाखांवर चिठ्ठ्या पाहिल्या असतील, आणि एकाही डॉक्टरनं त्या रकान्यात शाईचा थेंब सांडला नव्हता.

बसवकल्याणातल्या या खाजगी दवाखान्याची लॅब जिन्याखाली होती. जिना बांधून झाल्यावर खाली जी जागा उरली तिला भिंत घातली, एक दार ठेवलं, एक खिडकी ठेवली आणि आत पंचशीलाबाईंना ठेवलं. छप्पर तिरकं. यंत्रापाशी उभं राहता येई, सूक्ष्मदर्शकापाशी बसावंच लागे, आणि फ्रिजकडे जायचं तर देवळात शिरल्यासारखं वाकून. बाई बौद्ध, देवळात जायच्या नाहीत. पण फ्रिजनं त्यांना रोज वीस वेळा वाकवलं होतं.

दाराला कडी बाहेरून होती. ही सोय खुद्द बाईंनीच करून घेतलेली. पूर्वी रिपोर्टासाठी नातेवाईक थेट आत घुसत, एकदा तर एक वऱ्हाडच्या वऱ्हाड नवरदेवाचा रक्तगट विचारायला आत आलं आणि तिरक्या छपराखाली अडकलं. तेव्हापासून सकाळच्या गर्दीत शिवय्या बाहेरून कडी घालून जाई आणि दोन वाजता काढी. शिवय्या वॉर्डातला जुना माणूस, निवृत्तीला आलेला, कडीच्या बाबतीत घड्याळासारखा. जिन्याच्या सिमेंटखाली मोबाईलला रेंज नव्हती. इंटरकॉम होता, पण त्याचा बोलायचा भाग गेला होता. वरचं सगळं ऐकू येई, खालचं वर जात नसे. बाई म्हणत, "नोकरीचंच लक्षण हाय ते."

बाईंचा नियम एकच: आकडा द्यायचा, अर्थ द्यायचा नाही. नवीन असताना त्यांनी एका रिपोर्टाखाली स्वतःचं मत लिहिलं होतं. डॉ. वीरण्णांनी तो कागद भर वॉर्डात उंच धरून विचारलं होतं, "आमच्या दवाखान्यात दोन डॉक्टर झाले, आणि मला कुणी सांगितलं नाही?" डॉक्टर माणूस वाईट नव्हते. पेढे वाटत, पगार वेळेवर देत. पण तो कागद बाईंच्या डोळ्यांसमोरून खाली उतरलाच नाही. पुढे हा नियम घरीही गेला. नवरा धम्मानंद चित्रकला शिकवी. आमटी कशी झालीय, असं त्यानं विचारलं तर बाई म्हणत, "मीठ दीड चमचा हाय." नवीन साडी कशी दिसते, असं नणंदेनं विचारलं तर, "सहावार." संतपूरचे त्यांचे वडील बळीराम म्हणत, "पोरगी शिकली, पन आकड्यात अडकली."

दहा वाजता माउलीचे आकडे आले. हृदयाचा म्हणून जो एन्झाइम मोजतात तो पंचवीसच्या आत हवा. तीनशे दहा निघाला. हृदयाला मार बसला की रक्तात उतरणारा ट्रोपोनिन टी हवा तेवढा नव्हता, हवा त्याच्या चौपट होता. बाईंनी आकडे लिहून कागद खिडकीतून बाहेर दिला आणि इंटरकॉमला कान लावला.

वर जे व्हायचं ते झालं. बावीस वर्षांचा पोरगा, छातीत दुखणं, नाडी अठ्ठेचाळीस, हृदयाचा आलेख चढलेला, रक्तात हे आकडे. डॉ. वीरण्णांच्या जागी कुणीही असता तर घाबरलाच असता. "मॅसिव्ह आहे," ते नर्सला म्हणत होते. "कलबुर्गीला फोन लावा. ॲम्ब्युलन्स एक वाजता. अँजिओग्राफी आजच. आणि याला उठू देऊ नका, उठला आणि काही झालं तर माझ्या नावावर येईल."

मग बाणूबाईंचा आवाज. "साहेब, बावीस दिवसांनी त्याची पोलीस भरती हाय."

"आता पोलीस-बिलीस विसरा, आई. हार्ट पेशंटला कोण घेतो? पोरगा वाचतो का ते बघू."



साडेअकराला दुसरं रक्त घ्यायला बाई वर गेल्या. शिवय्यानं कडी काढली तेव्हा म्हणाला, "लवकर या अक्का, मला ॲम्ब्युलन्सकडं जायचंय."

आयसीयूत माउली पलंगावर पडला होता. छातीवर पाच तारा, बोटाला चिमटा, नाकात नळी, हाताला सलाईन. तंबू ठोकल्यासारखा चहूबाजूंनी बांधलेला. मुडबीहून आणखी नऊ माणसं आली होती आणि काचेला नाक लावून उभी होती. त्यांतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो गेल्याचं दुःख तयार होतं, फक्त त्याच्या परवानगीची वाट होती. पोरगा छताकडे बघत होता. कूस बदलायला गेला की मॉनिटर ओरडे, मॉनिटर ओरडला की नर्स ओरडे, मग तो पुन्हा छताकडे.

पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. बाईंची नजर तिच्यावर गेली. टपरीवर तिसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा रंग.

"हा रंग कधीपासून?"

"काल सांजपासून." माउली छताला म्हणाला. "उष्णता झाली आसंल."

रक्त घ्यायला त्यांनी चादर बाजूला केली, आणि खांदे दिसले. दोन्ही खांद्यांवर, मानेच्या मागून पुढे, जांभळा जाड वळ. छातीवर ओरखडे, जोडीजोडीनं. आणि मानेवरच्या केसांत गुंतलेले लोकरीचे चार पांढरे धागे.

संतपूरला बळीरामांच्या शेतात उन्हाळ्यात धनगर मेंढरं बसवायचे, खतासाठी. लहान पंचशीला बांधावर बसून तासन्‌तास ते बघायची. चालून दमलेलं मेंढरू धनगर मानेवर आडवं घेतो आणि चारी पाय छातीवर धरतो. खुरांचे ओरखडे असेच उठतात, जोडीजोडीनं.

"अण्णा," बाई हळूच म्हणाल्या, "मेंढा उचललास का रे?"

माउलीनं डोळे मिटले.

"किती येळ? कुठं? काय केलंस त्याला घेऊन?"

डोळे मिटलेलेच.

"तुझं काळीज धड हाय असं मला वाटायलंय. पन तू काय केलंस ते कळल्याबिगर कुणी मानणार न्हाई. थोड्या येळानं तुला कलबुर्गीला नेतील, मांडीतून नळी घालतील, औषध सोडतील. तुझी लघवी बघ. त्या औषधानं तुझी किडनी जाईल रे."

माउलीनं डोळे उघडले. त्यांत पाणी होतं. "सांगता येत न्हाई, अक्का."

"कामून?"

"मुका हाय ते."

बाईंना कळलं, आणि कळल्याचा त्यांना रागही आला. मुका नवस. संतपूरच्या धनगरांकडून त्यांनी ऐकलं होतं: माउलीसारख्यांच्या घराण्यात बिरोबाला, त्यांच्या देवाला, नवस करायचा तर तो तोंडानं कुणाला सांगायचा नाही, आईलासुद्धा नाही. जत्रेत मेंढा देवापुढं सोडेपर्यंत तोंड बंद. बोलला की नवस फुटला, आणि ज्यासाठी केला ते हातचं गेलं. पोरानं भरतीसाठी नवस केला होता, जत्रा पुढच्या महिन्यात होती, आणि ॲम्ब्युलन्स एक वाजता होती. बोलला तर भरती जाणार. नाही बोलला तर भरतीबरोबर दोन किडन्याही.

नवस मानायचा नाही, हे बाई चालायला शिकल्या त्याच्या आधी शिकलेल्या होत्या. बळीराम असते तर त्यांनी पलंगाशेजारी खुर्ची घेऊन दोन तासांचं भाषण दिलं असतं. पण वेळ दीड तासाचा होता. आणि तोंड बंद ठेवून जगण्याबद्दल कुणाला नावं ठेवायचा पंचशीलाबाईंना काय हक्क होता?

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. खालचा रकाना कोरा होता.

"बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "लिवायला बंदी हाय का?"

माउली विचारात पडला. असा प्रश्न त्याच्या घराण्याला सात पिढ्यांत पडला नव्हता, कारण सात पिढ्यांत लिहिता येणारा तोच पहिला होता. त्यानं बिरोबाच्या बाजूनं विचार करून पाहिला. देवाच्या काळात बॉलपेन नव्हतं. नियम असण्याचं कारण नव्हतं.

"कुणी वाचून दाखवायचं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "मनातच वाचायचं."

"मनातच."

त्यानं सलाईनचा हात सांभाळत, दहावी पास अक्षरात लिहिलं. बाईंनी मनातच वाचलं. मेंढा खांद्यावर घेऊन बैठका. रोज शंभर वाढवत अकरा दिवस, शेवटच्या दिवशी अकराशे. पण भरतीची तारीख अलीकडे आली म्हणून अकरा दिवसांच्या बैठका दोन दिवसांत संपवल्या. मेंढ्याचं वजन अडतीस किलो. त्याच्या खाली, रकान्यात जागा उरली म्हणून: मेंढा बरा आहे.

बाई जवळजवळ धावतच खाली आल्या. शिवय्यानं सवयीनं बाहेरून कडी घातली आणि तो ॲम्ब्युलन्सकडे गेला.

आत बाईंनी आधी लघवी पाहिली. पट्टीवर रक्ताचा चौकोन गर्द हिरवा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र रक्ताची एक पेशी दिसेना. रक्त नसून रक्तासारखं दिसणारं, म्हणजे स्नायूंतला रंग. मग त्यांनी स्नायूंचा सगळा एन्झाइम, सीके, मोजायला घेतला, जो सकाळी कुणी मागितलाच नव्हता. यंत्र दोन हजारांपुढे मोजत नाही. त्यानं नुसतं 'जास्त' म्हणून हात वर केले. बाईंनी रक्त दहापट पातळ केलं. 'जास्त.' शंभरपट केलं. बासष्ट हजार.

बासष्ट हजारांत तीनशे दहा. शंभराला अर्धा. हृदयाला मार बसला असता तर हा हिस्सा कितीतरी मोठा निघाला असता. जो एन्झाइम हृदयाचा म्हणून मोजतात तो थोडासा मांडीतही असतो. आणि एवढी मोठी मांडी फुटली की थोडासाही पुष्कळ होतो. ट्रोपोनिन टीचंही तसंच, फुटलेला स्नायू स्वतःला दुरुस्त करताना कधीकधी त्याची नक्कल करतो. त्याचा भाऊ ट्रोपोनिन आय मात्र हृदयाशिवाय कुणाचा नाही. आणि फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, एका कंपनीच्या माणसानं फुकट ठेवलेले ट्रोपोनिन आयचे पाच संच होते. बाई वाकल्या. मुदत संपायला नऊ दिवस होते.

पंधरा मिनिटं. एकच रेघ उमटली. दुसरी उमटायला जागा होती, ती तशीच राहिली. नाही.

बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. बाईंनी आकडे चिठ्ठीवर लिहिले आणि दाराला धक्का दिला. दार हललं नाही. अर्थातच नाही, कडी त्यांनीच मागून घेतलेली होती. त्यांनी दार वाजवलं; रांगेतली माणसं ॲम्ब्युलन्स बघायला गेली होती. वर इंटरकॉममध्ये डॉक्टर विचारत होते, "ऑक्सिजन भरलाय का?" बाई त्या यंत्रात ओरडल्या, "सर, थांबा." यंत्रानं घरघर केली आणि सांगितलं की स्ट्रेचर आलंय.

छप्पर आणखी खाली आल्यासारखं वाटलं. मोबाईल वर धरला, फ्रिजवर धरला, यंत्रावर धरला; रेंजची एक काडी नाही. बाहेर ॲम्ब्युलन्सचं इंजिन सुरू झालं तेव्हा नळ्या स्टँडमध्ये थरथरायला लागल्या.

मग त्यांनी कागद धरून स्वतःचा हात खिडकीतून बाहेर काढला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल चौकटीला दाबला गेला. हात बाहेर हवेत फिरत राहिला, आणि अचानक कुणाच्या तरी अंबाड्यात अडकला.

"कोन हाय रे?" अंबाडा म्हणाला. खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून, बाणूबाई नुकत्याच येऊन बसल्या होत्या.

"अक्का, हे डॉक्टरांच्या हातात द्या. आत्ता. गाडी सुटायच्या आधी."

बाणूबाईंनी कागद उलटा धरून पाहिला. "काय लिवलंय?"

बाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. मनातच वाचायचं ठरलं होतं. "तुमच्या पोराचं अक्षर हाय. तेवढंच सांगते."

"व्हय?" बाणूबाई उठल्या. "मंग चांगलंच आसंल." त्या जिना चढल्या ते इंटरकॉममध्ये ऐकू आलं, पायरीगणिक एक जोडवं वाजत होतं.

इंजिन चालूच होतं. बाईंनी नळ्या मोजल्या. चोपन्न. परत मोजल्या. चोपन्न. मग इंजिन बंद झालं.

खिडकीत सावली आली. हात आला नाही; चेहरा आला. डॉ. वीरण्णा वाकून आत बघत होते, आणि त्यांचा चष्मा चौकटीला अडला होता.

"बाई, हा रकाना कुणी भरला?"

"पेशंटनं, सर."

"मेंढा?"

"व्हय, सर."

"आकडे बघितले मी." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "तुम्हाला काय वाटतं?"

पंचशीलाबाईंनी सवयीनं तोंड उघडलं आणि सवयीनं म्हणाल्या, "सीके बासष्ट हजार, सर." डॉक्टर गेले नाहीत. वाकलेलेच राहिले.

"हार्ट न्हाई, सर," बाई म्हणाल्या. "मांड्या फुटल्यात. आय निगेटिव्ह हाय. धावणाऱ्या पोरांची नाडी हळूच असते, आलेखबी तसाच चढतो. त्याला पाणी पाहिजे, भरपूर. पोटॅशियम बघायला पाहिजे दर चार तासांनी. आणि ते अँजिओग्राफीचं डाय नको, सर. किडनी जाईल." एवढं बोलून त्यांना दम लागला.

"सहा तासांनी आय परत करा," डॉक्टर म्हणाले. "मी इको करतो तोवर. बाहेर या, वर बघायला या."

"येता येत न्हाई, सर. कडी बाहेरून हाय."

दार उघडायला डॉक्टरांना तीन प्रयत्न लागले. त्यांच्याच दवाखान्यातली ती कडी त्यांनी कधी हाताळली नव्हती.

इकोत हृदय छान उड्या मारत होतं. सहा तासांनी आय पुन्हा निगेटिव्ह आला. माउलीला पाच दिवस सलाईनवर ठेवलं. पहिले दोन दिवस त्याच्या शरीरात मुडबीच्या तळ्याएवढं पाणी गेलं आणि चौथ्या दिवशी लघवी पाण्याच्या रंगाची झाली. काचेला नाक लावून उभी असलेली माणसं जरा हिरमुसून गावी गेली. सहाव्या दिवशी माउली स्वतःच्या पायांनी जिना उतरला आणि खिडकीतून हात आत घातला. हातात बाणूबाईंनी दिलेला खव्याचा डबा होता.

"देवाला विचारलं," तो बाहेरून म्हणाला. "पुजारी म्हनला, लिवलेलं चालतंय."

"तुझा देव शिकलेला दिसतोय," बाई म्हणाल्या. त्या रात्री धम्मानंदनं विचारलं, आमटी कशी झालीय. बाई म्हणाल्या, "खारट झालीय." त्यानं चमचा खाली ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

लॅबच्या दाराला आतून कडी बसवायचं डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं. सुतार अजून आलेला नाही. चिठ्ठ्यांवरचा रकाना कोराच येतो.

माउली बाविसाव्या दिवशी भरतीला गेला. धावायच्या आधी उंची मोजली. हाताची लांबी कुणी मोजली नाही; उंची हवी त्याहून एक सेंटिमीटर कमी भरली.